करंड्यातली ऊब

“उघडून बघू नकोस गं. सारखं बघितलं की बुजतात ती.”

आईचा आवाज कानात आला आणि अनघाने पुढे केलेला हात मागे घेतला. ओट्याच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यातल्या समईची ऊब पोचेल इतक्या अंतरावर, मटकीची पुरचुंडी ठेवलेली होती. सकाळी भिजवायची, संध्याकाळी उपसायची आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात घट्ट बांधायची, ही आईची रीत. भिलवडीच्या घरी, आठ वर्षांची असताना, अनघाने एकदा तीनदा गाठ सोडून पाहिली होती. सकाळी निम्म्या मटकीला वास आला. आई रागावली नाही. “अंधार लागतो त्यांना,” म्हणाली. मग फडकं झटकता झटकता, “आणि जरा भरवसा.”

त्याला तीस वर्षं झाली. आता भात किती शिजला ते भांडंच सांगत होतं आणि दूध उतू जायच्या आत शेगडी आपली आपण विझत होती. अनघाने या सगळ्याला घरात येऊ दिलं होतं. मटकीला मात्र ती अजून फडकंच वापरायची. फडकंही तेच, भिलवडीचं.

मागे घेतलेला हात तिने पोटावर ठेवला. बेंबीच्या खाली, मऊ पट्ट्यात, कुंकवाच्या करंड्याएवढी एक डबी बांधलेली होती. डबीच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा दिवा होता. हिरवा.

दवाखान्याच्या कागदांवर तिचं नाव ‘देहऊब कुपी’ असं होतं. तिथे येणाऱ्या बायका तिला करंडा म्हणत, आणि हळूहळू डॉक्टरही तसंच म्हणायला लागले होते. त्या करंड्यात, पाण्याच्या एका थेंबात, अनघाचं आणि तेजसचं मूल होतं. डोळ्यांना न दिसणारं. मूल म्हणायचं की नाही, याबद्दल डॉक्टर जपून बोलत. त्यांचा शब्द होता गर्भांकुर. अनघा मनात काहीच म्हणत नव्हती. नाव घेतलं की दृष्ट लागते असं तिला वाटे.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशयच काढून टाकण्याआधी डॉक्टरांनी तिची बीजं काढून घेतली आणि तीन अंकुर तयार करून गोठवून ठेवले. तेव्हा आई बरोबर होती. टाकीतून वाफ निघताना पाहून तिने तिथल्या बाईंना विचारलं होतं, “थंडी नाही का हो वाजायची त्यांना?” सगळे हसले होते. अनघासुद्धा, पोटाला हात धरून. आई मात्र हसली नव्हती.

पुढे दोनदा एकेक अंकुर थंडीतून काढून काचेच्या ऊबपेटीत ठेवला. दोन्ही वेळा तो जागाच झाला नाही. दुसऱ्या वेळेपर्यंत आईही राहिली नव्हती. आता हा तिसरा. चौथा नव्हता.

“पेटीतली ऊब बरोबर असते, पण ती गप्प असते,” मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी तिला समजावलं होतं. “जिवंत अंगाची ऊब हलते, अनघाताई. श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर. अगदी किंचित. थंडीतून उठलेल्या अंकुराला तो हेलकावा लागतो, हे आपल्याला आत्ता आत्ता कळलंय. म्हणून एक दिवस तो आमच्याकडे राहील आणि शेवटचा एक दिवस तुमच्या अंगावर. मग कोमलच्या पोटात.”

“माझ्याच अंगावर?”

“कुणाच्याही चालतं. पण आई असेल तर मला बरं वाटतं.” डॉक्टरांनी चष्मा पुसला होता. “आणखी एक सांगते, पण अजून खात्रीने नाही हं. करंडा जिच्या अंगावर राहिला, तिचा ठोका कानाशी आला की ही मुलं जन्मल्यावर लवकर शांत होतात, असं दिसतंय. लक्षात ठेवतात म्हणा ना.”

तेवढं एक वाक्य अनघाने प्रसादासारखं घरी आणलं होतं. नऊ महिने तिला मिळणार नव्हते. एक दिवस मिळणार होता.

“अक्का, दार उघडंच आहे काय ओ? बघू तरी माझा पाहुणा!”

ही कोमल. अनघाची धाकटी जाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायची. तासगावकडची, बत्तीस वर्षांची, सात वर्षांच्या स्वराची आई. बोलायला एवढी मोकळी की पहिल्या वर्षी अनघाला तिची भीती वाटायची. सव्वा वर्षापूर्वीच्या दिवाळीत फराळाचं ताट पुढे ओढत हीच म्हणाली होती, “माझं पोट रिकामंच आहे की अक्का. त्यात करंज्या घालून काय होणार? तुमचं बाळ ठेवा.” सगळ्यांना चेष्टा वाटली. दुसऱ्या दिवशी ती कागदपत्रं विचारायला आली, तेव्हा अनघाला तिच्यासमोर बसवेना. आत जाऊन देवापुढे बसली. मग समितीची परवानगी, तपासण्या, दोघी जावांच्या सह्या. त्यात वर्ष गेलं होतं.

कोमलने वाकून पट्ट्याकडे पाहिलं. “एवढंच? मला वाटलं निदान डब्याएवढं असंल. हिरवा म्हणजे बरं ना?”

“हिरवा म्हणजे ऊब बरोबर. पिवळा झाला की कमी. लाल झाला की...” अनघाने वाक्य पुरं केलं नाही.

“त्याच्यात शेगडी नाही?”

“दहा मिनिटं पुरेल एवढीच. बाकी सगळं माझ्या अंगाचं.”

“मग आज पळायचं नाही, पाणी उचलायचं नाही, आणि तुमचे ते उपासतापास बंद.”

“डॉक्टरांनी उपास नको म्हटलंय. मी जेवले. दोनदा.”

“वा! देव रागावले नाहीत?”

“त्यांना सांगून जेवले,” अनघा म्हणाली. कोमल खळखळून हसली. पण अनघाने खरंच सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र तिने डॉक्टरांना विचारली नव्हती. तिने एकवीस गुरुवारांचा नेम धरला होता. गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं देऊळ होतं आणि अंगणात औदुंबर. पहाटे तिथल्या नळाखाली डोक्यावरून पाणी घ्यायचं, तशाच ओलेत्याने झाडाला तांब्या घालायचा आणि एकवीस प्रदक्षिणा. वीस गुरुवार झाले होते. उद्या एकविसावा. आणि उद्याच दुपारी दोन वाजता अंकुर कोमलच्या पोटात जायचा होता. दोन्ही एकाच दिवशी यावं, याला योगायोग म्हणायला तिचं मन तयार नव्हतं.

तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं होतं, “अंघोळ चालेल ना?” आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या, “चालेल की, कोमट पाण्याने. करंड्यात पाणी जात नाही.” ओलेत्याचं विचारायला तिची जीभ रेटली नव्हती. शिकलेल्या बाईने असलं काही विचारावं याची तिला लाज वाटली. आणि विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, हेही तिला आतून ठाऊक होतं.

*

पौषातली सकाळ. कृष्णेवरून येणारं वारं देवळाच्या अंगणात शिरत होतं. कोमल ओट्यावर बसली होती. अंगात स्वेटर, त्यावर शाल, मांडीवर अनघाचं कोरडं लुगडं. तिला यायचं नव्हतं. पण एकटं सोडायचंही नव्हतं.

“अक्का, मी तुम्हाला एक विचारते. देवाला कोरडी बाई चालत नाही काय ओ?”

“तसं नसतं गं. आपण देवाला बोललेलं असतं ना.”

“माझ्या सासूबाई बोलायच्या, करवून मात्र दुसऱ्याकडून घ्यायच्या,” कोमल पुटपुटली. सासूबाई दोघींच्या एकच होत्या, त्यामुळे अनघाला हसू आवरलं नाही.

पाणी डोक्यावरून आलं तेव्हा श्वास अडकला. वीस गुरुवार अडकला होता, पण आज जास्त. तिने तांब्या भरला, झाडाच्या बुंध्याशी घातला, हात जोडले. पट्ट्यावर ओलं लुगडं चिकटलं होतं. दिवा हिरवाच होता. पहिली प्रदक्षिणा. दुसरी. ओठांत नाम. चालताना तिला भिलवडीचा घाट आठवला. तिथेही ओलेत्याने चढून येणारी आई, पायऱ्यांवर उमटत जाणारी तिची ओली पावलं, आणि त्या पावलांवर पाऊल ठेवत मागून येणारी आपण. तेव्हा थंडी वाजत नसे. का वाजत नसे?

अकरावी प्रदक्षिणा पुरी होताना पोटाशी काहीतरी गुणगुणलं. एखादी माशी अडकावी तसं.

अनघा थांबली. पदर बाजूला केला. दिवा पिवळा होता.

“काय झालं?” कोमल उठली.

अनघाने दिवा तिच्याकडे वळवला. दहा प्रदक्षिणा राहिल्या होत्या. एकवीस गुरुवारांतल्या दहा फेऱ्या. चार मिनिटांचं काम. तिने आयुष्यात एकही नेम अर्धा सोडला नव्हता. तिचा पाय एकदा पुढे पडलासुद्धा. मग गुणगुण जरा वाढली, आणि ती होती तिथेच खाली बसली.

कोमलने फोन लावला होता. डॉक्टरांच्या आवाजात झोप नव्हती; कुपीची नोंद त्यांच्याकडेही गेली होती. “कुठे आहात? थंडीत? ओले कपडे? अहो...” पुढचं त्यांनी गिळलं. “कोमल, ऐका. कोरड्या, गरम अंगावर पट्टा बांधायचाय. आत्ता. अनघाताईंना गरम व्हायला अर्धा तास लागेल, तेवढा वेळ नाही. तुम्ही बांधा.”

“मी?”

“आणि मग दोनपर्यंत हलवायचा नाही. एका ठोक्याची सवय लागली की पुन्हा दुसऱ्याची लावायची नाही. ज्यांच्या अंगावर आहे त्यांच्याच राहू दे.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डॉक्टरांनी जे सांगितलं त्याचा अर्थ दोघींनाही कळला होता. अनघाचा एक दिवस काल दुपारी चारला सुरू झाला होता. तो आत्ता, सकाळी सव्वासातला, संपणार होता. नऊ महिने जिचे, तिचेच हे सात तासही.

अनघाचे हात पट्ट्याच्या बंदावर गेले. बोटं गारठली होती, गाठ सुटेना. आईने शिकवलेली ती गाठ, पुरचुंडीची. कोमलने शाल फेकली, स्वेटर वर केला आणि दातांनी गाठ सैल केली. करंडा तिच्या पोटावर टेकला तेव्हा ती “आईगं, बर्फ!” म्हणून ओरडली आणि लगेच दोन्ही हातांनी त्याला आतल्या आत दाबून धरलं.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. अनघा झाडाच्या मुळाशी ओल्या लुगड्यात बसून होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवासमोर होती आणि काहीही मागत नव्हती.

तिसऱ्या मिनिटाला गुणगुण थांबली.

“हिरवा,” कोमल म्हणाली. मग आवाज चढवून, “हिरवा झाला ओ अक्का! रडू नका. आधी लुगडं बदला. नाहीतर दुपारी तुमच्यावरच उपचार करत बसायला लागंल.”

*

घरी तेजसने चहा केला, काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि कपाटातून आईची गोधडी काढून दिली. भिलवडीची. आईच्या जुन्या लुगड्यांची. एक चौकोन बारशाच्या वेळचा, एक अनघाच्या पहिल्या नऊवारीचा. मग तो बाहेर जाऊन बसला. त्याचं काळजी करणं असंच होतं.

कोमल पलंगावर आडवी झाली. अनघा खुर्चीवर. दोघींमध्ये हातभर अंतर होतं.

“मीच केलं हे,” अनघा हळू म्हणाली. “मला वाटलं मी त्याच्यासाठी करतेय. खरं म्हणजे मला माझा नेम मोडायचा नव्हता.”

कोमल वर पंख्याकडे पाहत राहिली. तिने ‘तसं नाही ओ’ असं म्हटलं नाही. “व्हय,” म्हणाली. “केलं खरं. पण दहा फेऱ्या सोडल्या ना तुम्ही? माझ्या लग्नापासून बघते, तुम्ही आरतीतलं एक कडवं सोडलेलं नाही.”

 बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. असल्या शिट्टीचे कुकर आता फार कमी घरांत उरले होते, आणि तो आवाज आला की अनघाला नेहमी वाटायचं, आत आई आहे आणि शाळेला उशीर होतोय.

“इकडं या,” कोमल म्हणाली.

“कशाला?”

“या तर. मला टेका. डॉक्टर म्हणाल्या पट्टा हलवायचा नाही. तुम्ही हलायचं नाही असं कुठं म्हणाल्या?”

अनघा संकोचली. दोन जावा एका गोधडीत, हे तिच्या कल्पनेत कधी आलं नव्हतं. पण ती उठली. कोमलने कूस वळवली आणि अनघाने समोरून, करंडा दोघींच्या पोटांमध्ये येईल अशा बेताने, अंग टेकलं. आधी स्वेटरची लोकर लागली, मग ऊब. मग फार वेळाने, आपला की तिचा हे कळू नये असा, एक ठोका.

“आता त्याला काय कळतंय, कुणाचं काय ते,” कोमल तिच्या केसांत पुटपुटली. केस अजून ओले होते. “एक मागू, अक्का?”

“माग.”

“आज संध्याकाळपासून माझ्या मनगटाला ती पट्टी बांधणार ना? चाहूलपट्टी. तासातासाला माझ्या अंगातलं मोजणार आणि तुमच्या मोबाईलवर टाकणार.” तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली गेला. “मला ते नको वाटतंय. म्हणजे बांधीन मी, सही केलीय. पण माझ्या पोटात काय झालं ते माझ्या आधी तुमच्या मोबाईलला कळणार. तुम्ही माझ्याकडं बघायच्या आधी तिकडं बघणार. स्वराच्या वेळी मला कसं कळलं माहितंय? आंबा खाल्ला आणि नको वाटला. आंबा! मी! तेव्हा कळलं. कुणी सांगितलं नव्हतं.”

अनघाने तिच्या पाठीवरचा हात हलवला नाही.

“चौदा दिवस बघू नका,” कोमल म्हणाली. “काही कमीजास्त झालं तर डॉक्टर बघतीलच की. तुम्ही बघू नका. चौदाव्या दिवशी तुम्ही मटकी घेऊन माझ्याकडं या. मोड आलेली. दोघी मिळून उघडू, मोबाईल पण आणि मटकी पण. मग काय असंल ते दोघींचं.”

“वचन,” अनघा म्हणाली.

“आणि उसळीत गूळ कमी घाला. तुम्ही खीर करता.”

*

दोन वाजता कोमल टेबलावर आडवी होती. शेजारच्या पडद्यावर करड्या सावल्या हलत होत्या. अनघा उशाशी, तिचा हात हातात घेऊन. तेजस दाराशी भिंतीला लागून उभा होता.

“अक्का, मला हसवू नका हं. एवढं पाणी पाजलंय की हसले तर कार्यक्रम होईल.”

“मी कुठे हसवतेय?”

“तुमचं तोंड बघूनच हसू येतंय. सत्यनारायणाला बसल्यासारखं.”

आतल्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाजवळून आवाज आला, “अंकुर उत्तम. पूर्ण फुललेला.” डॉक्टर मुजावर यांनी एकदा डोळे मिटून उघडले. मग केसाएवढी बारीक नळी आली. पडद्यावर तिची रेघ सरकली, थांबली, आणि त्या करड्या अंधारात एक पांढरा ठिपका लुकलुकला. आकाशकंदिलातला दिवा दुरून दिसावा तसा. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

“झालं?” कोमलने विचारलं.

“झालं.”

“मग मला उठू द्या, आधी जाऊन येते!”

खोलीतले सगळे हसले आणि अनघाला अकरा वर्षांपूर्वीचं ते हसणं आठवलं. आई असती तर आता तिनेही हसून घेतलं असतं का? की विचारलं असतं, ‘अंधारात भ्यायचं नाही ना ते?’

निघताना डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. रागावतील असं वाटून ती मान खाली घालून उभी राहिली. डॉक्टरांनी कुपीच्या नोंदीचा आलेख पुढे धरला.

“सकाळपर्यंत ही तुमची नाडी. इथे घसरण, ते तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या वेळी मी बायकांना अंघोळीनंतर काय करता तेही विचारणार. चूक माझीही आहे. माझी नानी दर्ग्याला असाच काहीतरी नवस बोलायची.” त्यांचं बोट पुढे सरकलं. “इथे कोमलची नाडी सुरू होते. आणि नऊनंतर हे बघा. मला आधी यंत्र बिघडलं वाटलं.”

रेघ एकाची दोन झाली होती. दोन लाटा, एक जरा पुढे, एक जरा मागे. कुठे वेगळ्या, कुठे एकमेकींत मिसळलेल्या. आणि अकराच्या सुमारास बराच वेळ तिसरीच एक चाल. ना अनघाची, ना कोमलची.

“झोप लागली होती आम्हाला,” अनघा म्हणाली.

“असा आलेख मी पाहिलेला नाही. कुणीच पाहिला नसेल. याने काय लक्षात ठेवलं असेल, मला सांगता यायचं नाही.”

“बरं आहे की वाईट?”

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना हे म्हणणं सोपं जात नव्हतं, ते दिसत होतं.

*

पहिल्या संध्याकाळीच मोबाईल वाजला. ‘चाहूल : एक नवी नोंद.’ तासाभराने पुन्हा. अनघाने तो उताणा होता तो पालथा घातला. तिसऱ्या दिवशी तिने त्याचा आवाज बंद केला. सहाव्या दिवशी तेजस म्हणाला, “तू नको बघूस. मी बघतो आणि तुला सांगत नाही.”

“तुमचं तोंड मला सांगेल.”

“मी तोंड झाकून घेतो.”

“झाकलंत की कळेलच,” ती म्हणाली, आणि दोघं कितीतरी दिवसांनी एकत्र हसले.

या दिवसांत ती कोमलकडे जायची, पण पोटाकडे बघायची नाही. कोमलच तिच्याकडे बघून गालात हसायची. त्या हसण्याचा अर्थ लावायचा नाही, असंही अनघाने ठरवलं होतं. सगळ्या व्रतांत हे व्रत अवघड होतं. उपासाला निदान फराळ असतो.

मधल्या गुरुवारी ती देवळाकडे गेली नाही. घरीच समईपुढे बसली. राहिलेल्या दहा प्रदक्षिणा मनात सलत होत्या, पण भीती वाटत नव्हती, याचंच तिला नवल वाटलं. देवापुढे ती आईशी बोलावं तसं बोलली. झालेलं सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता.  समई शेवटपर्यंत नीट तेवली.

मग चौदावा दिवस उजाडला. गुरुवारच होता.

पुरचुंडी काल संध्याकाळी बांधलेली. ओट्याच्या कोपऱ्यात, समईच्या उबेला. अनघाने तिला वरून हात लावला. फडकं ओलसर होतं आणि आतून जरा तटतटल्यासारखं वाटत होतं. मोड आले की असंच लागतं हाताला. नीट न आले, नुसतीच मटकी फुगली, तरीही असंच लागतं. आईला बाहेरून कळायचं. ती नुसती पुरचुंडी उचलायची आणि मान हलवायची. हे कसं कळायचं, ते विचारायचं राहून गेलं.

मोबाईलवर चौदा दिवसांच्या नोंदी साचल्या होत्या. तीनशेच्या वर. बोट टेकवलं की दिसणार. तिने तो बंदच करून पिशवीत तळाला टाकला. वर गुळाचा लहान खडा ठेवला, नेहमीपेक्षा निम्मा.

पुरचुंडी मात्र पिशवीत ठेवली नाही. बाहेर वारं होतं. तिने ती पदराखाली घेतली, पोटाशी, जिथे करंडा होता तिथेच, आणि वरून शाल गुंडाळली. कोरडी.

“मी येऊ?” तेजसने दारातून विचारलं.

“मागून या. घटकाभराने.”

गल्लीत ऊन नुकतं उतरत होतं. टोकाशी औदुंबर दिसत होता. त्याच्या सावलीत कुणीतरी पाणी घालून गेलं होतं. जमीन ओली होती. अनघा तिथे क्षणभर थांबली आणि पदराखालूनच हात जोडता येतील तेवढे जोडले. दहा फेऱ्या येताना, असं तिने देवाला सांगितलं. आधी दुसरं एक वचन आहे.

मग ती कोमलच्या घराकडे वळली. चालताना पुरचुंडी पोटाला लागून हलत होती. श्वासाबरोबर, पावलाबरोबर. आत काही उगवलं असेल, तर ते कुणाच्या ठोक्याने शांत होईल? माझ्या? तिच्या? की त्या सकाळी गोधडीत दोघींना झोप लागली, तेव्हा जी तिसरीच चाल सुरू झाली, तिच्या?

तिने गाठीवर बोट ठेवलं. सोडली नाही. चालत राहिली.